सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा

प्रत्येक मराठी कुटुंबात एक माणूस ‘कंप्युटरमधला’ असतो. त्याला त्यातलं शिक्षण असायलाच हवं असं नाही. मी विमा कंपनीत हप्त्यांच्या पावत्या तपासतो. पण त्या पडद्यावर तपासतो, एवढ्या भांडवलावर मला हे पद मिळालं. राजीनामा कुणाकडे द्यायचा हे ठरलेलं नसल्यामुळे ते अजून माझ्याकडेच आहे. साखरपुड्यात, बारशाला, क्वचित तेराव्यालाही कुणीतरी मला खांबाआड नेतं आणि आवाज उतरवून विचारतं, “आमचा जरा स्लो झालाय रे, काय करावं?”

साताऱ्याच्या काकांची तक्रार वेगळी होती. “बॅकअपवर लाल फुली आलीये,” ते फोनवर म्हणाले. “इतकी वर्षं हिरवी टिक होती.” बोर्डात पहिला आलेला मुलगा एकदम नापास व्हावा, असा तो स्वर होता. काका मराठीचे निवृत्त शिक्षक. टिक आणि फुली या दोन खुणांवर त्यांनी हयात काढलेली. फुलीमागचं कारण कळल्याशिवाय त्यांना झोप येणार नव्हती, आणि काकांना झोप आली नाही की काकूंनाही येत नाही. मी शनिवारची एसटी पकडली.

त्यांचा कंप्युटर विंडोज ७ वर चालतो. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमारास, विंडोज ७ चा आधार काढून घेतला. ही बातमी काकांपर्यंत मी पोचवली होती. “आपण त्यांच्या आधारावर कुठे बसलोय?” एवढंच ते म्हणाले. नवा घेण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: “चालतोय ना?” त्याला जोडलेला स्कॅनर नव्या मशीनशी बोलत नाही, सोसायटीचे हिशेब ज्या प्रोग्रॅमवर आहेत तो लिहिणारा मुलगा आता हॉटेल चालवतो, आणि दर दसऱ्याला ज्याला आपण हळदकुंकू लावून झेंडू वाहतो त्याला भंगारात कसं काढायचं, हा प्रश्नही आहेच.

आपल्याकडच्या त्या काळातल्या मशीनप्रमाणे याच्याही हार्ड डिस्कचे सी, डी, ई, एफ असे वाटे पाडलेले. बाप एकच, पण चार भावांची चार दारं. सी मध्ये विंडोज, डी मध्ये काका, ई मध्ये गाणी, एफ मध्ये काय आहे ते कुणालाच माहीत नाही. कंप्युटर जोडून देणाऱ्या दुकानदाराने बॅकअपचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं (नाव सांगत नाही, ते बनवणाऱ्या कंपनीने आता दुसराच धंदा धरलाय), आणि डी ची प्रत रोज रात्री दोन वाजता ई वर जाईल अशी योजना केली होती. डी आणि ई एकाच तबकडीवर असतात. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवून ते बंद करावं, तशातली ही सुरक्षितता. पण तिच्यावर हिरवी टिक होती.

दिवाळीला काकांचा मुलगा जर्मनीहून आला. त्याने हा प्रकार पाहिला, कपाळावर हात मारला, आपली एक जुनी बाहेरची डिस्क मशीनला जोडली, बॅकअप तिच्यावर वळवला, कंप्युटरची तारीख दुरुस्त केली, ‘पडताळणी करा’ या चौकटीत टिक केली आणि विमानाला गेला. त्या चौकटीमुळे सॉफ्टवेअरचं खोटं बोलणं बंद झालं. फुली आली ती तेव्हा.

मी पोचलो तेव्हा काकांनी फुलीखालचा मजकूर वहीत उतरवून ठेवला होता. आकडे आणि अक्षरं यांची एक लांबलचक माळ, आणि खाली इंग्रजीत एक सूचना. काकांनी तिचं भाषांतरही केलं होतं: ‘कृपया आपल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा.’

“हे कोण?” काकांनी विचारलं.

मी समजावलं की ऑफिसात असा एक माणूस असतो. सगळी यंत्रणा त्याच्या हातात, कुणाला काय उघडता येईल ते तो ठरवतो, त्याच्या परवानगीशिवाय काही बदलत नाही. काकांनी क्षणभर विचार केला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिकडून काकू म्हणाल्या, “माझं नाव कशाला घेताय? मी हात पण लावत नाही त्याला.”

हे विधान किती अपुरं होतं ते तासाभरात सिद्ध झालं.

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९, गुरुवार. विंडोज ७ बाजारात आलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे हा कंप्युटर रोज सकाळी स्वतःच्या जन्माआधी जागा होत होता. मुलाने तारीख दुरुस्त केली होती ना? केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत २००९ झाली. काकांना त्याचं काही वाटलं नव्हतं. “तारखेला भिंतीवर कॅलेंडर आहे की.”

मशीनच्या आत मदरबोर्डवर एक बटणाएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. नावातच त्याचं माप आहे: वीस मिलिमीटर व्यास, तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर जाडी. कंप्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. पण प्लगमध्ये वीज असेल तर बंद मशीनलाही थोडा प्रवाह मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. त्यामुळे सेल मेला तरी पुष्कळ घरांत तो मेल्याचं कुणाला कळत नाही. काकांच्या घरी कळायला हवं होतं, कारण काकू रात्री साडेदहाला, देवघरातला दिवा शांत झाला की, भिंतीवरचं मेन बटण बंद करतात. फ्रीज सोडून सगळ्याचं. वीज वाचवावी हा त्यातला अर्धा हेतू. उरलेला अर्धा असा की ज्या वस्तूत रात्री लाल दिवा डोळे मिचकावतो तिच्यावर त्यांचा विश्वास नाही.

आता बॅकअपची हकिगत लावून बघा. वेळ रात्री दोनची. त्या वेळी मशीनला वीजच नाही. सॉफ्टवेअर तसं समजूतदार; हुकलेलं काम सकाळी करून टाकायचं, आणि सेल जिवंत होता तोवर तसं ते करतही होतं. सेल गेल्यावर मात्र सकाळी त्याला दिसायचं की आज १ जानेवारी २००९ आहे आणि शेवटचा बॅकअप २०१७ मध्ये झालाय. म्हणजे काम झालंच आहे, आठ वर्षं आधी झालंय. इतकी तत्परता कुठल्या सरकारी खात्यात नसेल. त्यामुळे ते टिक दाखवून स्वस्थ बसे.

विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेत नाही का, असं एखादा जाणता वाचक विचारेल. घेतं, पण घरच्या मशीनवर फरक पंधरा तासांहून जास्त असेल तर घेत नाही. इतका फरक म्हणजे काहीतरी गंभीर कारण असणार, आपण मध्ये पडू नये, असा त्याचा सुसंस्कृत विचार.

सेल पोवई नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. तो बसवायला कॅबिनेट उघडलं तेव्हा आत मागच्या कुठल्यातरी दसऱ्याचा झेंडू निघाला, पाकळी न् पाकळी शाबूत. तो पंख्याजवळ होता हे खरं, पण काकूंनी विचारलं, “त्यामुळे बिघडलं का?” आणि मला नाही म्हणावं लागलं. झेंडू निर्दोष होता.

घड्याळ लागलं. बॅकअप सुरू केला. फुली परत आली, पण निदान आजच्या तारखेची.

या वेळी मी सॉफ्टवेअरची नोंदवही उघडली. अशी नोंदवही प्रत्येक सॉफ्टवेअर इमानाने लिहितं आणि कोणी वाचणार नाही याची खात्री असल्यामुळे तिच्यात खरं लिहितं. २०१७ च्या त्या अखेरच्या यशाखाली बारीक अक्षरांत होतं: ‘काही फाइली वगळल्या.’ कुठल्या वगळल्या त्यांची यादी पानंच्या पानं होती, आणि सगळी नावं अशी: ?????, ??????? ????, ??? ??.

काका चष्मा वर करून बघत राहिले. “एवढे प्रश्न मी कधी विचारले?”

त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यांनी फाइलींना मराठी नावं दिली होती. ‘आईची पत्रं’, ‘वृत्तांचे प्रकार’, ‘सोसायटी – भांडणं’. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडमध्ये लिहिता येते आणि काकांनी ती सवय पुतण्या-भाच्यांच्या आधी लावून घेतली. पण हे सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या विचारांचं. त्याच्या ओळखीची अक्षरं अडीचशेच्या आसपास. त्यापलीकडचं प्रत्येक अक्षर दिसलं की ते तिथे प्रश्नचिन्ह ठेवतं आणि पुढे जातं. इथवर ठीक. पुढची गंमत अशी की विंडोजमध्ये फाइलीच्या नावात चालत नाहीत अशी नऊ चिन्हं आहेत आणि प्रश्नचिन्ह त्यांतलं एक. म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच एक अशक्य नाव तयार करत होतं, त्या नावाची फाइल शोधायला जात होतं, ती सापडत नाही म्हणून हळहळत होतं, आणि परत येऊन सगळं सुरळीत झाल्याचं सांगत होतं. ई वर जे काय सुरक्षित होतं ते म्हणजे इंग्रजी नावांच्या फाइली: कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो, गुड मॉर्निंगची चित्रं आणि विजेची बिलं.

“नावं इंग्रजीत करून टाकू,” मी म्हणालो.

काकांनी मला कधी मारलेलं नाही, पण त्या क्षणी त्यांचा हात डस्टरच्या उंचीवर गेला. “अरे, चाळीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलं मी. त्याला वाचता येत नाही म्हणून माझ्या आईचं नाव मी बदलू?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. शिवाय खाली अजून एक पंथ निघाला: काकांचे २००५ च्या आधीचे लेख. ते शिवाजी फॉन्टमध्ये. त्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर आतून इंग्रजीच असतं, वर फक्त मराठीचा मुखवटा. फाइल जपली आणि फॉन्ट गेला तर काकांचा ‘लोकशाही आणि आपण’ हा लेख इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा होऊन समोर येतो. तो तसा मी पाहिला आहे. सोसायटीच्या कारभारापेक्षा तोच जास्त सुसंगत वाटला, असं काकू म्हणाल्या होत्या. मुद्दा असा की फॉन्ट राहतो सी वर, विंडोजच्या फोल्डरात, आणि बॅकअप फक्त डी चा.

यादीत आणखी एक तक्रार होती, पण तिच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही: विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो, आणि डी वर ‘न्यू फोल्डर’च्या आत ‘न्यू फोल्डर (2)’, त्याच्या आत ‘जुना बॅकअप’, त्याच्या आत पुन्हा ‘न्यू फोल्डर’ अशी वंशावळ खालपर्यंत गेली होती. शेवटच्या पिढीत एकच फोटो होता. अंगठ्याचा.

या सगळ्यावर तोडगा त्याच सॉफ्टवेअरच्या पोटात निघाला. त्यात ‘डिस्क इमेज’ नावाची सोय होती. फाइली एकेक न मोजता अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलायची आणि एका मोठ्या फाइलीत ठेवायची. नावं वाचायची नाहीत, पत्ते मोजायचे नाहीत. सी, डी सगळं आलं. त्यात फॉन्ट आले, काकांची आई आली. वाचता न येणाऱ्या हमालाने ट्रंक उचलावी यात वावगं काय, असं म्हणून काकांनी मान्यता दिली.

इमेज सुरू झाली आणि बाहेरची डिस्क टक्‌ टक्‌ असा आवाज करून गायब झाली. परत आली. परत गायब. ही छोटी डिस्क वीजही यूएसबीच्या वायरीतूनच घेते. जुन्या यूएसबी पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असा नियम, पण कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून एक मरतुकडी वायर जोडलेली असते आणि ती नियमापर्यंत पोचत नाही. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, तिथे लावावं. हे सांगणं सोपं. मराठी घरात कंप्युटरचं मागचं अंग म्हणजे टेबलाच्या खणात, भिंतीला चिकटून, जिथे केरसुणीही जात नाही अशी जागा. टेबल सरकवलं. तिथे दोन पेनं, गॅसच्या नोंदणीचं पुस्तक आणि काकूंचं एक कानातलं सापडलं. कानातल्याचा आरोप ज्या मोलकरणीवर होता ती केव्हाच पुण्याला गेली. बॅकअपच्या कामाला काकूंचा पाठिंबा मिळाला तो इथून.

डिस्क स्थिरावली. चहा झाला, कांदेपोहे झाले, आणि मग सॉफ्टवेअरने सांगितलं की डिस्कवर जागा नाही. डिस्कवर चारशे जीबी मोकळी होती.

मी काकांना विचारलं, “ही डिस्क आधी कशाला वापरायचे?”

“तो त्यावर सिनेमे भरून आणायचा. टीव्हीला लावायला.”

उलगडा झाला. त्या टीव्हीला फॅट ३२ पद्धतीची डिस्कच समजत असे, म्हणून मुलाने ती तशी फॉरमॅट केलेली. फॅट ३२ मध्ये एका फाइलीला चार जीबीची मर्यादा. नेमकं सांगायचं तर चार जीबीला एक बाइट कमी. तुमच्याकडे मैदान मोकळं असो, एक फाइल त्याहून मोठी होऊ शकत नाही. ही मर्यादा ठरली तेव्हा चार जीबी म्हणजे अख्ख्या कंप्युटरची मिळकत होती, तेव्हा ठरवणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. बोल लावायचा तर ‘फाइल मोठी झाली’ असं सरळ सांगायचं सोडून ‘जागा नाही’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला.

एनटीएफएस पद्धतीत ही अडचण नाही. विंडोजमध्ये ‘कन्व्हर्ट’ नावाची आज्ञा आहे, तिने सिनेमे न पुसता डिस्क तिकडे नेता येते. मात्र त्याच आज्ञेने परत येता येत नाही. त्यानंतर तो टीव्ही डिस्क ओळखील का? ओळखणार नाही. काकूंनी विचारलं त्यात कुठले सिनेमे आहेत. मी यादी वाचली. सगळ्यांत गाड्या उडत होत्या. “ने,” काकू म्हणाल्या.

इमेज रात्रभर चालणार होती. यूएसबी २ चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक मेगाबाइट मिळाले तर पेढे वाटावेत. तेव्हा मेन बटणावर चिठ्ठी चिकटवावी लागली. ती काकांनी लिहिली, शुद्ध मराठीत, दोन स्वल्पविराम आणि एक अर्धविराम वापरून, आणि काकूंनी ती सहीनिशी मान्य केली. मग झोपेपर्यंत काकांना धीर म्हणून मी मोठ्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना कुणीतरी एक आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, तो चालत नाही हे तेव्हा कळलं. सिनेमा वाचला कारण गॅलिन सुसमन या तिथल्या तांत्रिक प्रमुख बाई नुकत्याच बाळंत झाल्या होत्या, घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कंप्युटरवर प्रत होती. तो कंप्युटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून ऑफिसात नेला.

“बाळंतिणीला कामाला लावलं होतं म्हणजे,” काकू म्हणाल्या. गोष्टीतलं तेवढंच त्यांना खटकलं.

गिटलॅबचंही सांगितलं. २०१७ च्या ३१ जानेवारीला रात्री त्यांच्या माणसाने चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही, आणि सुमारे सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. त्यांनी ते लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना जगाला थेट दाखवली. काकांना हे फार आवडलं. फुली मान्य करणारा विद्यार्थी त्यांना नेहमीच आवडत आला आहे.

सकाळी हिरवी टिक होती. पण आता काका शहाणे झाले होते. “यातून एक फाइल काढून दाखव,” ते म्हणाले. “वाचून बघितल्याशिवाय मी मार्क देत नाही.”

इमेज उघडायला गेलो, तर सॉफ्टवेअरने पासवर्ड मागितला. बॅकअप करताना तो लागत नाही, दुकानदाराने पहिल्या दिवशीच आत भरून ठेवलेला; परत काढताना मात्र लागतो. खाली आठवण म्हणून एक खूण लिहिलेली होती: ‘नेहमीचाच’.

काकांनी त्यांचा नेहमीचा सांगितला. चालला नाही. जर्मनीला फोन लावला. तिथे पहाट होती, मुलाने त्याचा नेहमीचा सांगितला आणि पुढे जे बोलला ते छापण्यासारखं नाही. तोही चालला नाही. दुकानदाराचं दुकान आता पिझ्झाचं आहे.

“त्या दिवशी तो मुलगा विचारत होता,” काकू ओट्यापासून म्हणाल्या, “तेव्हा हे आंघोळीला गेले होते. मीच सांगितला. लिहूनही ठेवला, दुधाच्या हिशेबापाशी.”

“कुठे?”

“कॅलेंडरवर. त्या वर्षीच्या.”

त्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत गेलं असेल असं आम्ही दोघे धरून चाललो होतो. पण काकू कॅलेंडर रद्दीत देत नाहीत. त्याचा कागद जाड असतो, फळ्यांवर अंथरायला बरा पडतो. मांडणीच्या वरच्या फळीपासून सुरुवात केली. डाळींच्या डब्यांखाली अलीकडची वर्षं होती, मधल्या फळीवर साखर, रवा, साबुदाणा यांच्या खाली त्याआधीची. हवा तो एप्रिल सगळ्यात खाली, लोणच्याच्या बरणीखाली निघाला. कोपरा तेलाने पारदर्शक झालेला, पण ‘दूध दीड लिटर, दोन दिवस खाडा’ याच्या शेजारी अक्षरं स्पष्ट होती. मी ती वाचली, काकांनी टाइप केली, इमेज उघडली, ‘आईची पत्रं’ हे फोल्डर अनुस्वारासकट दिसलं. काका पत्र वाचू लागले आणि मी बॅग भरायला घेतली.

“कुठे निघालास?” काकूंनी विचारलं. सगळी मांडणी जमिनीवर होती, आणि त्या दारात उभ्या होत्या. “डबे कोण लावणार? जसे होते तसे पाहिजेत मला. एकही इकडचा तिकडे झालेला चालायचा नाही.”

“कुठला कुठे होता, ते लिहिलंय का कुठे?” मी विचारलं.